विगिन्सला घ्यायलाच हवं होतं

टूर द फ्रान्स या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचे संघ जाहीर झाले की मी आधी वगळलेल्यांची नावं बघते. 2014 ची स्काय संघाची यादी मला अजून बोचते. ब्रॅडली विगिन्स, 2012 चा विजेता, त्याच मे महिन्यात टूर ऑफ कॅलिफोर्निया जिंकलेला, आणि नऊ जणांत त्याचं नाव नाही!

नेता ख्रिस फ्रूम होता. बाकीच्यांनी त्याच्यासाठी पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, मागे संघाच्या गाडीकडे जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या, घाटात दम संपेपर्यंत वेग लावून धरायचा. तीन आठवडे हे मनापासून करणारेच हवेत, मान्य. पण पाचव्या टप्प्यात दगडी रस्ते होते, आणि एप्रिलमध्ये पॅरिस-रुबे या एका दिवसाच्या शर्यतीत असल्याच रस्त्यांवर विगिन्स नववा आला होता! त्या टप्प्यात फ्रूम पावसात दोनदा पडला आणि दगडी रस्ते सुरू व्हायच्या आधीच शर्यतीबाहेर गेला. जबाबदारी रिची पोर्टवर आली, तोही डोंगरात मागे पडला.

2018 पासून तर संघात आठच जण. तरी एक जागा, वेळ आली तर स्वतः जिंकू शकेल अशा माणसाला द्यावी, असं मला ठाम वाटतं. विगिन्स त्याच सप्टेंबरात स्पेनमध्ये टाइम ट्रायलचा, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लढायच्या शर्यतीचा, विश्वविजेता झाला.