दहाऐवजी नऊ

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात बँकर्स अल्गोरिदमचं (सगळे एकमेकांची वाट बघत अडकून पडू नयेत म्हणून आधीच हिशोब करण्याच्या पद्धतीचं) गणित हमखास यायचं. ॲलोकेशन (हातात किती), मॅक्स (जास्तीत जास्त किती लागेल), नीड (अजून किती हवं) असे तक्ते आखायचे, शेवटी सेफ सीक्वेन्स, म्हणजे सगळ्यांची कामं न अडकता पुरी होतील असा क्रम, लिहून त्याला चौकट मारायची. मला त्यात पैकीच्या पैकी मार्क. आणि नोकरीत सात वर्षं घालवल्यावर खराखुरा डेडलॉक, म्हणजे तसं अडकणं, समोर येऊन बसला, तेव्हा या गड्याने तीन आठवडे फक्त रीस्टार्ट मारला.

आमची सर्व्हिस गोदामांतला साठा सांभाळते. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली, ४० थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये बरोबरीने चालणारे कामाचे धागे. महिन्यातून दोन-तीनदा ती बसायची. क्रॅश नाही, एरर नाही. प्रोसेस जिवंत, सीपीयू शून्य टक्के, लॉगची शेवटची ओळ पंचवीस मिनिटांपूर्वीची. हेल्थ चेकला उत्तर देणारा थ्रेड वेगळा असल्यामुळे मॉनिटरिंगवर सगळं हिरवंगार. आत मात्र अळीमिळी गुपचिळी. गोदामावरून फोन आला की कळायचं. रीस्टार्ट केला की गाडी सुरू.

डेडलॉककडे सरळ दुर्लक्ष करण्याला आमच्या पुस्तकात शहामृगाचा अल्गोरिदम म्हटलं होतं. तोच चालू होता, आणि खरं सांगायचं तर तो चालूनही जात होता. मग एका महिनाअखेरीला एकाच रात्री दोनदा बसली. दुसऱ्या दिवशी आमच्या टीममधल्या सीनिअर ताई म्हणाल्या, "रीस्टार्ट करायच्या आधी निदान तिचा फोटो तरी काढून ठेव."

फोटो म्हणजे जीकोअर. चालू प्रोसेसची अख्खी मेमरी फाइलमध्ये उतरवून घ्यायची, मग खुशाल रीस्टार्ट करायचा. पुढच्या वेळी तेच केलं आणि सकाळी निवांतपणे ती फाइल जीडीबी या डीबगरमध्ये उघडली. सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस (कोण कोडमध्ये कुठे थांबलाय ते) काढले, तर जवळजवळ सगळे लॉकच्या, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपाच्या, दारात उभे. ३८ थ्रेड त्याच दोन लॉकपाशी अडकलेले, म्हणजे ते नुसते रांगेतले. खरं भांडण दोघांचंच असणार.

इथे एक गोष्ट फार कामाला आली. लिनक्सवर पीथ्रेडचा म्युटेक्स, म्हणजे हेच लॉक, जीडीबीमध्ये प्रिंट केला, की आत 'ओनर' नावाचा आकडा दिसतो. लॉक ज्याच्या हातात आहे त्या थ्रेडचा तो नंबर. थ्रेड १२ चा नंबर ४१२४. तो ज्या लॉकसाठी थांबला होता त्याचा ओनर ४१३१. आता ४१३१ कोण, तर थ्रेड १९. आणि थ्रेड १९ ज्या लॉकसाठी थांबला होता त्याचा ओनर ४१२४. चहाच्या बिलामागे दोन गोल काढले, दोन बाण काढले, वर्तुळ पूर्ण झालं. कॉलेजात याला वेट-फॉर ग्राफ म्हणायचो. तीन आठवड्यांचं दुखणं पाच मिनिटांत कागदावर.

थ्रेड १२ भिवंडीहून चाकणला माल नोंदवत होता. त्याने भिवंडीचं लॉक घेतलं होतं, चाकणचं हवं होतं. थ्रेड १९ चाकणहून भिवंडीला परतीचा माल नोंदवत होता. त्याचं नेमकं उलटं. परतीचा माल महिनाअखेरीलाच जास्त येतो, त्यामुळे एरवी सगळी वाहतूक एकाच दिशेची. म्हणून टेस्टिंगमध्ये हे कधी सापडलंच नाही.

डेडलॉकला चार अटी लागतात, हे कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडलं. वस्तू एका वेळी एकाच्याच ताब्यात, हातातलं न सोडता दुसऱ्याची वाट बघणं, कुणी हिसकावून घेऊ न शकणं आणि वाट बघणाऱ्यांचं वर्तुळ. यातली एक मोडली तरी पुरे. पहिली मोडणं शक्य नव्हतं, साठ्याचा आकडा दोघांनी एकदम बदलून कसं चालेल? हिसकावणंही नाही, कारण अर्धवट वजा झालेला माल कुणाच्या नावावर टाकणार? मी आधी दुसरी अट मोडून बघितली. दुसरं लॉक मिळालं नाही तर पहिलं सोडायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. टेस्टमध्ये दोन थ्रेड एकदम सोडायचे, एकदम पुन्हा धरायचे. बोळात समोरासमोर आलेल्या दोन स्कूटर एकाच बाजूला वळतात, तसं. आधी सीपीयू शून्यावर होता, आता तापला. काम तेवढंच.

शेवटी वर्तुळ मोडलं. माल कुठूनही कुठेही जावो, लहान आयडीच्या गोदामाचं लॉक आधी घ्यायचं. दोन्ही बाजूंना एकच गोदाम असेल तर एकदाच घ्यायचं, नाहीतर थ्रेड स्वतःचीच वाट बघत बसतो (हे मला कळलं ते अर्थातच टेस्ट अडकल्यावर). क्रम ठरवून घेण्याची ही युक्ती आयबीएमच्या ओएस/३६० या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळातली. बदल जेमतेम सहा ओळींचा.

दीड महिना शांततेत गेला. मग सर्व्हिस पुन्हा बसली.

तशीच कोअर फाइल, तसाच जीडीबी. पण या वेळी ओनर कुठेच नाही. रिपोर्ट बनवणारे दहाच्या दहा वर्कर थ्रेड कंडिशन व्हेरिएबलवर, म्हणजे 'हवं ते मोकळं झालं की उठव' असं सांगून, झोपलेले. ते वाट बघत होते डेटाबेस कनेक्शनची. आणि कंडिशन व्हेरिएबलला मालक नसतो, त्यामुळे बाण काढायचा कुणाकडे? डेटाबेसलाही पत्ता नाही. तो आपल्या आतल्या लॉकचं वर्तुळ ओळखून एका ट्रान्झॅक्शनला मागे घेतो, पण आमचा कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) त्याच्या नजरेबाहेर. त्याच्या लेखी दहा कनेक्शन उघडी आणि दहाही रिकामटेकडी.

कोड वाचला तेव्हा उलगडलं. प्रत्येक रिपोर्ट एका कनेक्शनवर ओळी वाचतो आणि मध्येच ऑडिटची नोंद करायला, वेगळ्या ट्रान्झॅक्शनसाठी, दुसरं मागतो. पूल दहाचा, वर्करही दहा. दहाही जणांनी पहिलं घेतलं आणि दुसऱ्यासाठी हात पसरून बसले.

आता मात्र मी वहीत तक्ता आखला. मॅक्स प्रत्येकी २, ॲलोकेशन प्रत्येकी १, नीड प्रत्येकी १, अव्हेलेबल ०. सेफ सीक्वेन्स नाही. डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञाचा बँकर हेच सांगतो: गिऱ्हाइकाची कमाल गरज आधी विचारून ठेवा आणि तिजोरीत इतकं राखा, की निदान एकाचं काम पुरं होऊन त्याची रक्कम परत येईल आणि तिच्यावर पुढच्याचं, असं करत सगळ्यांचं भागेल. लिनक्स किंवा विंडोज असं काही करत बसत नाहीत, कारण कुठला प्रोसेस पुढे काय-काय मागेल हे आधी सांगतो कोण? पण माझ्या रिपोर्टची कमाल गरज मला पक्की ठाऊक होती. दोन.

म्हणजे नियम एवढाच: शेवटचं कनेक्शन पहिल्या मागणीला द्यायचं नाही. त्यासाठी अल्गोरिदम लिहायचीही गरज पडली नाही. नऊ वर्कर ठेवले, तर नऊही जणांनी एकेक घेतलं तरी एक उरतं. ते कुणातरी एकाला मिळतं, त्याचं काम संपतं, दोन परत येतात. दहा कनेक्शनला नऊ वर्कर.

कॉन्फिगमधला १० खोडून ९ केला आणि रिव्ह्यूला टाकला. मॅनेजर सर म्हणाले, "सर्व्हिस अडकतेय म्हणून तू वर्कर कमी करतोयस?" मी वहीतला तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला, "नऊला पण अडकणार नाही कशावरून?" असं विचारलं आणि स्वतःच बोटांवर मोजून बघितलं.

त्या ९ च्या वर मी चार ओळींची कमेंट लिहून ठेवली आहे. तरी गेल्या महिन्यात नव्या मुलाने 'राउंड फिगर' म्हणून तो १० करायचा बदल पाठवलाच होता.