नराच्या गालावरचे दाणे

फेब्रुवारीतला रविवार. सकाळी आठलाच फोन आला. "दोन गेले. तिसरी वर येऊन तोंड उघडतेय. येता का?" गेली अकरा वर्षं मी पुण्यात घरोघरी जाऊन फिशटँकची देखभाल करतो. मासा वर येऊन तोंड उघडतोय म्हटलं की थांबण्यात अर्थ नसतो.

धनकवडीत तिसऱ्या मजल्यावरचं घर. तीन फुटी टाकी, शंभरेक लिटर पाणी, आणि ते पाणी शाईसारखं निळं. मेथिलीन ब्लू, माशांच्या रोगांवरचं औषध. काका निवृत्त शिक्षक. काचेवर त्यांनी डोसाच्या तारखांचा कागद चिकटवला होता, नऊ दिवसांत चार डोस. "व्हाइट स्पॉट झालाय. रव्याचे दाणे दिसतात ना अंगावर. दुकानात फोटो दाखवला, त्यांनी हेच औषध दिलं."

टॉर्च लावून मी टाकीसमोर बसलो. ओरांडा ही गोल्डफिशचीच एक जात. त्यातल्या नराच्या दोन्ही कल्ल्यांच्या झाकणांवर दाणे होते खरे. छातीजवळच्या परांच्या पुढच्या जाड काडीवरही होते, ओवल्यासारखे एका रेषेत. शेपटीवर, पाठीवर, पोटावर मात्र एकही नाही. व्हाइट स्पॉट असा जागा निवडून येत नाही. तो कुठेही उठतो, चार-सहा दिवसांत भरमसाट वाढतो आणि मासा खड्यांवर अंग घासत सुटतो.

"अंग घासत होता का?"

"छे. उलट जोरात होता. मादीच्या मागे लागून तिच्या पोटाला ढुशा द्यायचा."

नातीच्या मोबाइलमध्ये नऊ दिवसांपूर्वीचा फोटो होता. तो काचेला लावून आम्ही दोघांनी दाणे ताडून पाहिले. तेच दाणे, त्याच जागी. माझ्या पोटात गोळा आला. विणीचे दिवस आले की नर गोल्डफिशला असे दाणे येतात आणि हंगाम सरला की जातात. मासा आजारी नव्हताच.

मग मेले कशाने? औषध पडलं तेव्हा फिल्टरमधल्या स्पंजवर राहणारे बॅक्टेरिया मेले. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून येणारा अमोनिया तेच संपवतात. वर काकांनी जंतू जावेत म्हणून स्पंज नळाखाली खळखळून धुतला होता. उरलेसुरले क्लोरीनने गेले. हे सिद्ध करायलाही निळा रंग आडवा येत होता, कारण अमोनियाच्या टेस्टचा पिवळा रंग निळ्यात मिसळला की हिरवा दिसणारच. म्हणून बाटलीभर पाण्यात ॲक्टिव्हेटेड चारकोल घालून रंग उतरेपर्यंत हलवत बसलो. चारकोल निळा रंग ओढतो, अमोनियाला हात लावत नाही. त्या स्वच्छ पाण्याची टेस्ट गडद हिरवी आली. तक्त्यावर ४, असायला हवा शून्य. त्यात सोसायटीच्या पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, ८ च्या वर. पीएच जितका चढा, तितका अमोनिया जहरी. मादीचे कल्ले लालभडक झाले होते.

अर्धं पाणी लगेच बदललं, अँटी-क्लोरीन घालून, तापमान जुळवून. फिल्टरमध्ये चारकोल, जास्तीचा एअर पंप, खाणं पूर्ण बंद. माझ्या घरच्या टाकीत अशाच वेळेसाठी दोन जादा स्पंज कायम चालू असतात. त्यातला एक, चिखलासारखा तपकिरी, टाकीच्याच पाण्यात भिजता ठेवून आणला. काका म्हणाले, "हा घाणेरडा स्पंज आत घालायचा?" म्हटलं, काका, औषध हेच आहे.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे मीच मारले."

त्यांनी मेहनतीत कसूर केली नव्हती. दिवसातून तीनदा टाकीपाशी बसणारा माणूस तो. मला राग आला तो फोटोवर एक नजर टाकून बाटली हातात देण्याचा. दाणे कुठे आहेत, वाढतायत का, मासा खातोय का, हे तीन प्रश्न विचारले असते तर चारही मासे आज पोहत असते. हे मी काकांना तसंच सांगितलं.

आठवडाभर रोज जाऊन तिसरा हिस्सा पाणी बदललं. चौथ्या दिवशी अमोनिया उतरला, पण बॅक्टेरिया अमोनियाचं जे करतात तो नायट्राइट चढला, आणि तोही विषारीच, म्हणून लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने शंभर ग्रॅम मीठ विरघळवून घातलं. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. नवव्या दिवशी दोन्ही शून्य आले. काकांनी उकडलेल्या मटाराचा सोललेला दाणा चिमटीत धरून पाण्यात सोडला. नराने तो लगेच खाल्ला, मादीने दुसऱ्या दिवशी.

एप्रिलमध्ये गेलो तेव्हा नराच्या गालांवर एकही दाणा नव्हता. मादीचा उजवा कल्ला मात्र अजून पुरता मिटत नाही.