पाच ओळींचं काम

"दादा, सेटिंग्ज फाइलमध्येच ठेवू ना, ओपन-राइट-क्लोज, पाच ओळींचं काम आहे." टीममधला नवा पोरगा आज अगदी सहज बोलून गेला आणि ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

चुकीचं नव्हतंच तसं. बोर्डवर एसटीएम३२एफ४०७ हा मायक्रोकंट्रोलर, त्याच्यातच १ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), त्यावर लिटलएफएस ही छोटी फाइल सिस्टिम टाकली की चालतं. पण फ्लॅशमध्ये लिहिताना बिट १ चा ० होतो, ० चा परत १ करायचा तर अख्खा सेक्टर, म्हणजे मेमरीचा ठरलेला तुकडा, इरेज करावा (खोडावा) लागतो, आणि या चिपमध्ये सुरुवातीचे चार सेक्टर १६ केबीचे, मग एक ६४ चा, पुढचे सगळे १२८ केबीचे. लिटलएफएसला कमीत कमी दोन ब्लॉक, म्हणजे इथे दोन सेक्टर, लागतात. म्हणजे मागचे मोठे सेक्टर दिले तर ४० बाइटच्या सेटिंग्जसाठी २५६ केबी गेली, पाव चिप! पाहुण्या माणसासाठी मंगल कार्यालय बुक केल्यासारखं.

वर मोठा सेक्टर इरेज व्हायला साधारण सेकंदभर, कोड त्याच फ्लॅशमधून चालतो म्हणून तेवढा वेळ सीपीयू गप्प, आणि तेव्हाच मोटरचा इंटरप्ट (हातातलं काम थांबवून लगेच बघायचा सिग्नल) आला की मग बघा. गॅरंटी १०,००० इरेजची, दर मिनिटाला तोच सेक्टर खोडला तर आठवडाभरात संपली (वेअर लेव्हलिंग, म्हणजे झीज सगळ्या ब्लॉकांत वाटणं, आहे हो, पण दोन ब्लॉकांत ते वाटणार तरी किती).

शेवटी सुरुवातीच्या १६ केबीवाल्यांपैकीच दोन घेतले, आणि साधा लॉग, नवी नोंद जुनीच्या पुढे, म्हणजे दर वेळी खोडायला नको. फाइल सिस्टिम नाहीच.

पोरगा म्हणाला, "मग लॅपटॉपवर हे सगळं कोण करतं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?