खाटांचा हिशेब रात्री बाराचा, ओढाताण सकाळी अकराची

बडोद्यात पावसाळा सरता सरता डेंग्यू-मलेरियाने सरकारी दवाखान्यांतले मेडिसिनचे वॉर्ड भरतात, जमिनीवर गाद्या पडतात. खाटांचा हिशेब तसा सोपा: रोजच्या भरत्या गुणिले सरासरी मुक्काम, भागिले ०.८५ (म्हणजे सरासरी ८५ टक्के खाटाच भरलेल्या धरायच्या). रोज १२ भरत्या, मुक्काम ५ दिवस, तर ६० नव्हे, ७१ खाटा. वरच्या ११ चैनीच्या नाहीत. भरती रोज सारखी येत नाही.

भरलेल्या खाटांची मोजणी मात्र मध्यरात्रीची; दिवसाची ओढाताण तिच्यात दिसत नाही. सकाळी अकराच्या राऊंडला सुट्टी सांगतात, कागद चारला तयार होतात. तोवर नवा रुग्ण स्ट्रेचरवरच.

डोळ्यांच्या वॉर्डातल्या खाटा उसन्या घ्यायच्या? आधी भिंतीवर ऑक्सिजनचा पॉइंट बघा. रात्रपाळीची सिस्टर कोणत्या विभागाची, तेही लिहून घ्या. नाहीतर सलाईन संपल्यावर दोन्हीकडून एकच उत्तर: "हा पेशंट आमचा नाही."