आधी वेळेवर जेवण

२२ जून, रत्नागिरी

भाचीला घेऊन आज समुपदेशक मॅडमकडे जाऊन आले. दहावीत आहे पोर. संध्याकाळी क्लासवरून आली की दार लावून खात बसते. गादीखाली फणसपोळीची, फरसाणाची रिकामी पाकिटं सापडली आणि ताईच्या घरी रामायण झालं. सगळ्यांचं एकच, जिभेवर ताबा नाही. मला हे ऐकवत नाही. पोट तट्ट फुगलं तरी हात थांबत नाही, नंतर स्वतःचीच किळस येते. याला हावरटपणा कसं म्हणायचं? याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात, २०१३पासून तर मानसोपचाराच्या अमेरिकी सूचीतही हा स्वतंत्र आजार आहे.

मॅडमनी वजनाचा विषयच काढला नाही. विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?"

"काही नाही."

"दुपारी?"

"डबा उघडलाच नाही."

बारीक व्हायचं म्हणून दिवसभर उपाशी राहायचं, मग संध्याकाळी शरीर सगळं वसूल करतं. म्हणून सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या बोलण्याच्या उपचाराची, सुरुवातच जेवणापासून होते. तीन वेळा जेवण, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, चार तासांहून जास्त खंड नाही. कॅलरी मोजायच्या नाहीत. वहीत मात्र खाण्याआधी काय घडलं, मनात काय होतं, तेही लिहायचं. साधारण २० बैठका लागतात.

मंगळवारच्या पानावर तिनं लिहिलंय: "६.४०. काकू म्हणाली, गणपतीत ड्रेस होईल ना गं तुला? खाज्याची अख्खी पिशवी संपवली."

आजचा बहुतेक वेळ याच ओळीवर गेला. मॅडम स्वतः काकू झाल्या आणि तेच वाक्य बोलल्या. पहिल्यांदा ही नुसती पुटपुटली. मग पुन्हा, आणखी एकदा. शेवटी मान वर करून म्हणाली, "काकू, माझ्या जाडीवर बोललीस की दिवसभर तेच डोक्यात राहतं. नको ना बोलूस." मला भरून आलं.

आपल्याकडे रत्नागिरीत १८८६पासून मनोरुग्णालय आहे, पण त्याचं नाव काढलं की लोक म्हणतात, पोरीला काय वेड लागलंय? निदान १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन तरी करावा. तो फुकट आहे आणि मराठीतही बोलतात.

ताईला आजच सांगितलं, मोदक बंद करू नकोस. बंदी घातली की तेच चोरून खाल्लं जातं. सगळ्यांबरोबर पानात वाढ. उद्या डब्यात घावणे-चटणी, चारच्या सुट्टीला शेंगदाणे-गूळ. आणि काकूशी मी स्वतः बोलणार आहे, पोरीवर सगळा भार नको.