आरसी हरवलेली गाडी विकण्याआधी

जुनी गाडी विकायला काढली की पहिला प्रश्न भावाचा असेल असे आपण धरून चालतो. पण गाडीची आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, हाताशी नसेल, तर चांगला गिऱ्हाईक भावापर्यंत येतच नाही आणि येतो तो बहुधा आपल्या अडचणीचाच भाव करायला येतो. माझे काका वारल्यानंतर त्यांची चारचाकी लातूरच्या घरासमोर बराच काळ उभी होती आणि ती विकून टाकण्याचे काम काकूंनी माझ्यावर सोपवले. काका कृषी खात्यातून निवृत्त झालेले, कागद जपणारे गृहस्थ. त्यांच्या फाइलमध्ये शोरूमचे मूळ बिल होते, एकरकमी कर भरल्याची पावती होती, विम्याच्या सगळ्या जुन्या पॉलिसी वर्षवार लावलेल्या होत्या, इतकेच काय, फवारणी पंपाच्या हमीचे कार्डही होते. नव्हते ते फक्त आरसीचे स्मार्ट कार्ड.

अशा वेळी बहुतेक जण थेट आरटीओसमोरच्या एजंटाच्या टेबलाशी जातात. मला वाटते, त्याआधी परिवहन खात्याच्या ‘वाहन’ संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून नोंद नीट वाचावी. कार्ड हरवले तरी नोंद हरवलेली नसते, आणि खरी अडचण कोठे आहे ते ती नोंदच सांगते. आमच्या नोंदीत मालक म्हणून अर्थातच काकांचे नाव होते. त्याखाली तालुक्याच्या एका पतसंस्थेचा बोजा, म्हणजे बोलीभाषेतली ‘एचपी’, अजून तशीच होती. कर्ज फिटून कितीतरी वर्षे झाली होती आणि ती पतसंस्थाही दरम्यान अवसायनात, म्हणजे कारभार गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, गेली होती. नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपायलाही फार काळ उरला नव्हता. म्हणजे हरवलेले कार्ड ही चार अडचणींतली सर्वांत किरकोळ अडचण होती.

नवी गाडी घेऊन जुनी बदल्यात देण्याचा पर्याय चुलतभावाने पुण्यात विचारून पाहिला. शोरूमने मृत व्यक्तीच्या नावावरची, बोजा असलेली गाडी एक्स्चेंजमध्ये घेण्यास सरळ नकार दिला, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आमच्याकडच्या जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याने मात्र गाडी पाहिल्याबरोबर भाव सांगितला. तो बाजारभावापेक्षा चाळीस हजारांनी कमी होता, आणि वर, “सर, तुम्ही कशाला टेन्शन घेऊ लागलात? टीटीओवर काकूंच्या सह्या करून द्या, बाकीचं आम्ही बघतो.”

टीटीओ म्हणजे मालकी हस्तांतराचे २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने. खरेदीदाराचा रकाना रिकामा ठेवून त्यांवर विकणाऱ्याची सही घ्यायची आणि पुढे गाडी जितक्या हातांतून जाईल तितके दिवस ते कागद तसेच फिरवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आमच्या बाबतीत तर काकूंची सही घेऊन उपयोगही नव्हता, कारण त्या नोंदीत मालकच नव्हत्या. पण मालक स्वतः हयात असला तरी या रिकाम्या सह्यांचा धोका मोठा आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम २(३०) नुसार नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात हेच स्पष्ट केले. त्यातली गाडी नोंदणीकृत मालकाने विकली होती, ती पुढे आणखी हातांतून गेली, पण नोंद बदललीच नाही. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला, तेव्हा भरपाईची जबाबदारी नोंदीत ज्याचे नाव उरले होते त्याच्यावरच ठेवली गेली. पैसे मोजून घेतले, किल्ली दिली, आता आपला संबंध संपला, ही समजूत कायद्यापुढे टिकत नाही. वेगमर्यादेचे ई-चलान येण्याचा त्रास तर त्या मानाने किरकोळच.

व्यापाऱ्याला गाडी देणे सरसकट वाईट, असेही मी म्हणणार नाही. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत अधिकृत व्यापाऱ्यांची व्यवस्था आली आहे. त्यात व्यापाऱ्याला नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना २९-सी या नमुन्यात ऑनलाइन दिली, की तिथून पुढे गाडीची जबाबदारी त्या व्यापाऱ्याकडे जाते. ज्यांना घाई आहे त्यांनी व्यापाऱ्याकडे आधी हे अधिकारपत्र मागावे. आमच्या व्यापाऱ्याकडे मी ते मागितले, तेव्हा त्याने चहा मागवला आणि विषय टायरांकडे नेला.

तेव्हा आधी कागद पुरे करायचे आणि मगच गाडी बाजारात काढायची असे ठरले. काकूंना हे मुळीच पटले नव्हते. “विकायचीच आहे तर माझ्या नावावर कशाला करतोस? मला काय आता गाडी चालवायची का?” असे त्या म्हणाल्या. प्रश्न बिनतोड वाटतो, पण वारलेल्या माणसाच्या वतीने कोणीच विक्रीची सही करू शकत नाही. गाडी आधी वारसाच्या नावावर यावी लागते आणि तिथून पुढे विकली जाते. त्यासाठी ३१ क्रमांकाचा नमुना असतो. नियमाप्रमाणे वारसाने मृत्यूची माहिती ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायची असते आणि ३ महिन्यांत हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. दुखवट्याच्या दिवसांत हे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि उशीर झाला तर विलंबाचे शुल्क भरून काम पुढे नेता येते. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची संमती एवढे कागद त्यासाठी लागले. मुलगा पुण्यात आणि मुलगी निजामाबादेत, त्यामुळे संमतीपत्रांवरच्या सह्यांना वेळ लागला. नावांतल्या फरकाकडे मात्र सुरुवातीलाच पाहावे. आमच्या भागात एकच माणूस आधारवर व्यंकट, मृत्यूच्या दाखल्यावर व्यंकटराव आणि आरसीवर वेंकट असू शकतो. तसे असेल तर या सर्व नावांची व्यक्ती एकच आहे असे आणखी एक प्रतिज्ञापत्र करावे लागते. २०२१ पासून आरसीत नामनिर्देशनाची सोय झाली आहे आणि ती नंतरही करून घेता येते. वयस्कर माणसांच्या गाड्यांबाबत घरच्यांनी ती करून घ्यावी.

सर्वांत जास्त वेळ बोजाने खाल्ला. बोजा उतरवायचा तर ३५ क्रमांकाच्या नमुन्यावर कर्ज देणाऱ्या संस्थेची सही आणि शिक्का लागतो. संस्था चालू असेल तर ते एका बैठकीचे काम आहे. पण आमच्या पतसंस्थेच्या जागी आता कपड्यांचे दुकान होते आणि शटरच्या वरच्या पत्र्यावर जुन्या रंगातली ‘मर्यादित’ एवढीच अक्षरे वाचता येत होती. मराठवाड्यात बंद पडलेल्या पतसंस्थांची वानवा नाही, त्यामुळे हे सविस्तर लिहितो. सहकारी संस्था अवसायनात निघाली तरी ती कागदावरून लगेच नाहीशी होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली तिच्यावर अवसायक, म्हणजे तिचा कारभार आवरणारा अधिकारी, नेमलेला असतो आणि संस्थेचे दप्तर व शिक्का त्याच्या ताब्यात असतो. तो कोण आहे हे तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या किंवा जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात समजते. एकाच अवसायकाकडे अनेक संस्थांचा कारभार असू शकतो, म्हणून आपला कर्ज खाते क्रमांक आणि शेवटच्या हप्त्याची पावती हातात घेऊनच जावे. काकांनी ती पावती जपून ठेवली होती, आणि त्या एका कागदामुळे खातेवहीतले पान सापडले. अवसायकांनी बेबाकी, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा, दाखला दिला आणि ३५ च्या प्रतींवर सही केली. त्यांच्या नेमणुकीच्या आदेशाची प्रत मी अर्जासोबत जोडली. नाहीतर आरटीओत ही सही कोणाची, असा प्रश्न आला असता.

हरवलेल्या कार्डाचे काम त्या मानाने सरळ आहे. पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करायची, तिची प्रत घ्यायची आणि २६ क्रमांकाच्या नमुन्यावर दुय्यम प्रतीसाठी अर्ज करायचा. गाडीची नोंद शेवटी ज्या कार्यालयात आहे तिथेच हा अर्ज चालतो. म्हणून गाडी पुण्यात उभी असली तरी एमएच-२४ क्रमांकाच्या गाडीचा अर्ज लातूरच्याच कार्यालयाकडे करावा लागतो. गाडीवर बोजा असेल तर या अर्जालाही कर्जदात्याची संमती लागते, तेव्हा आधी बोजा उतरवणे सोयीचे. विमा आणि पीयूसी चालू हवेत, जुनी चलाने भरलेली हवीत, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली हवी. शासकीय शुल्क काही शे रुपयांत आटोपते. व्यापाऱ्याने कापलेले चाळीस हजार आठवून मी ते अगदी आनंदाने भरले.

एक अडचण मात्र अनपेक्षित होती. ऑनलाइन अर्जाचा ओटीपी नोंदीतल्या मोबाइलवर जातो आणि काकांचा क्रमांक केव्हाच बंद झाला होता. चासी आणि इंजिन क्रमांक देऊन तो बदलून घ्यावा लागला. त्याच सुमारास चासीची पेन्सिल प्रिंटही काढायची होती. बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावर कोरलेल्या क्रमांकावर पातळ कागद धरायचा आणि शिसपेन्सिल आडवी घासायची. वर्षानुवर्षांची धूळ आणि थोडा गंज यांमुळे शेवटून तिसरा अंक कधी आठ वाटे, कधी तीन. गॅरेजवाल्या पोराने रॉकेलच्या बोळ्याने पत्रा पुसला, वर खडूची पूड चोळली आणि लख्ख आठ कागदावर उतरवला.

गाडी काकूंच्या नावावर आल्यावर पहिले गिऱ्हाईक बिदरचे आले आणि त्यांनी भावही चांगला सांगितला. उदगीर, देगलूर, निलंगा या पट्ट्यात कर्नाटक-तेलंगणाचे खरेदीदार नेहमीचेच आहेत. पण दुसऱ्या राज्यात गाडी द्यायची तर २८ क्रमांकाच्या नमुन्यावर आपल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि हस्तांतराची सूचना राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची असते तिथे परराज्यासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. ते गृहस्थ गाडी आजच नेऊन ‘एनओसी मागाहून’ म्हणत होते, म्हणून मी त्यांना नाही म्हटले. त्यांनी ती खरोखर केली असतीही, पण तोवर गाडी बिदरमध्ये आणि जबाबदारी लातुरात राहिली असती.

शेवटी गाडी रेणापूरच्या एका शिक्षकांनी घेतली. पूर्ण भरलेल्या २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या, अर्ज ऑनलाइन दाखल होऊन पावती निघाली आणि त्यानंतरच किल्ली दिली. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळ आणि किलोमीटरचा आकडाही लिहिला, त्यांच्या आधारची प्रत जोडली. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवले, कारण त्रयस्थाचे (थर्ड पार्टी) विमा संरक्षण गाडीबरोबर जात असले तरी खरेदीदाराने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायची असते. काकांच्या खात्याला जोडलेला फास्टॅग तेव्हा काचेवर तसाच होता. तो बँकेत बंद करून घेतला आणि ‘वाहन’वर शिक्षकांचे नाव दिसू लागेपर्यंत अधूनमधून क्रमांक टाकून पाहत राहिलो.