विरजण

शेवटच्या मुलाचे गुण भरून झाले की मी लॅपटॉप मिटते आणि दूध तापवायला ठेवते. अकरा वर्षं हेच चाललंय. विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन गाव, डिसेंबरचा तिसरा आठवडा, बाहेर उणे दहा आणि पुढे जवळजवळ महिनाभर वर्ग नाहीत. माझे सहकारी या सुट्टीत पुस्तकं लिहितात, निदान लिहितोय असं सांगतात तरी. माझे उद्योग दोनच. घरात दही लावायचं आणि बाहेर मेंडोटा तळं गोठलं का ते बघत राहायचं.

तळं आपलं माझ्या लाडापोटी. एरवी ते चांगलं चाळीसेक चौरस किलोमीटर पसरलेलं सरोवर आहे आणि आमचं विद्यापीठ त्याच्या दक्षिण काठावर आहे.

आधी दही. एरवी आम्ही दुकानातला डबा आणतो. त्यातलं चमचाभर विरजण म्हणून वापरलं तर पहिल्यांदा छान लागतं, दुसऱ्यांदा बरं, चौथ्यांदा ते आळशी होतं, तार धरतं. साताऱ्याचं विरजण मात्र पिढ्यान्‌पिढ्या कंटाळत नाही. आईकडे तर विरजण संपलं तरी अडत नाही. सुक्या मिरचीचं देठ कोमट दुधात टाकायचं, की दुसऱ्या दिवशी दही तयार. शास्त्र विचारलं तर म्हणते, "लागतं. तुला दही खायचंय की पेपर लिहायचाय?"

इथली अडचण थंडीची. खोली वीस अंशांवर, आणि दह्याच्या जंतूंना लागतात चाळीसच्या आसपास. आई भांडं तांदळाच्या डब्यात खुपसायची. मी ते ओव्हनमध्ये ठेवते. ओव्हन बंद, फक्त आतला दिवा चालू. आमचा ओव्हन जुना आणि दिवाही जुना, पिवळा, तापणारा. दुरुस्तीला आलेला माणूस नवा एलईडी दिवा लावून देत होता, विजेची बचत होईल म्हणाला. मी दारात आडवीच झाले. त्या एलईडीच्या गार उजेडात दही कसलं लागतंय!

आता तळं. इथल्या सुट्टीत लोक एकमेकांना विचारतात, "बंद झालं का?" गोठलं का नाही, बंद झालं का, जसं काही दुकानच. आधी विंग्रा नावाचं उथळ तळं बंद होतं, मग मोनोना आणि शेवटी मेंडोटा. मेंडोटा सगळ्यांत खोल, पंचवीस मीटर. पाणी चार अंशांना सगळ्यांत जड असतं, त्यामुळे गार झालेलं पाणी खाली बुडत राहतं आणि खालचं वर येतं. अख्खं तळं चार अंशांवर आल्याशिवाय वरचा थर पुढे गार व्हायला तयार होत नाही. त्यानंतरही एक शांत, निरभ्र, कडाक्याची रात्र लागते. वारा सुटला की रात्रभर धरलेली साय सकाळी फुटलेली. दह्याचं भांडं सारखं हलवू नये, तसंच हे.

या तळ्याच्या बंद होण्याच्या आणि उघडण्याच्या नोंदी 1855 च्या हिवाळ्यापासून ठेवलेल्या आहेत. मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे पहिल्या तासाला ही यादीच फळ्यावर मांडते. सगळ्यांत लांब बर्फ 1880-81 मध्ये, 161 दिवस. सगळ्यांत तोकडा 2001-02 मध्ये, 21 दिवस. जुन्या काळी चार महिने टिकायचा, आता तीन टिकला तरी लोक खूश होतात. आलेख काढायला मुलांना पाच मिनिटं पुरतात. मग मी विचारते, "बंद झालं हे ठरवलं कुणी?" वर्ग गप्प होतो.

कारण चाळीस चौरस किलोमीटर पाणी काही घड्याळ बघून एकदम गोठत नाही. इकडचा कोपरा घट्ट, तिकडे लाटा, मध्ये बदकं. व्याख्या हवीच. मेंडोटाची जुनी व्याख्या अशी की पिकनिक पॉइंटपासून समोरच्या मेपल ब्लफपर्यंत होडी वल्हवत नेता आली तर तळं उघडं, नाही तर बंद. याच दोन जागा का? तर त्या काळी विद्यापीठातल्या मेजवान्यांची बिअर या वाटेनं होडीतून यायची म्हणे. हवामानबदलाच्या चर्चेत गंभीर चेहऱ्यानं दाखवल्या जाणाऱ्या आलेखाच्या मुळाशी बिअरचं खोकं असावं, हे मला फार आवडतं. जपानमधल्या सुवा सरोवराच्या नोंदी 1443 पासूनच्या आहेत आणि त्या देवळाच्या पुजाऱ्यांनी ठेवल्या आहेत. गोठलेल्या बर्फावर उठलेली वरंब्यासारखी रेघ म्हणजे देव तळं ओलांडून देवीला भेटायला गेल्याची खूण. तिकडे देव, इकडे बिअर. कुणी तरी पलीकडे जायला निघतं म्हणून लोक तारीख लिहून ठेवतात.

व्याख्येचा हा सोस मला डिसेंबरातच चढतो, कारण नुकतीच मी शंभरेक मुलांवर व्याख्या चालवलेली असते. आमच्याकडे ए आणि बी यांच्या मध्ये एबी अशी एक श्रेणी आहे, तशीच बीसी. काठावरच्यांची सोय म्हणून ती असावी. प्रत्यक्षात एक काठ होता तिथे दोन झाले. यंदाही गुण लावल्यावर तिसऱ्या दिवशी एका मुलीची मेल आली. सभ्य, चार ओळींची. तिला एबी पडली होती आणि ए चार दशांशांवरून हुकली होती. मी पुन्हा उत्तरपत्रिका काढली, पुन्हा बेरीज केली. चार दशांश तिथेच होते. "होडी जात होती गं बाई," असं काही तिला लिहिता येत नाही. साधं, कोरडं उत्तर लिहिलं आणि कोट चढवून तळ्याकडे निघाले.

चालताना एक जुनंच कोडं डोक्यात घोळत होतं. आपल्या भाषेनं विरजणावर एवढा राग का धरला? दुधाला लावलं तर दही, ताक, लोणी, तूप, घरभर बरकत. पण उत्साहावर पडलं की सगळं नासलं. लावलं तर चांगलं आणि पडलं तर वाईट, एवढाच फरक दिसतो. गवळ्याच्या बाजूनं बघितलं तर म्हण बरोबर असेल. दुधाला दूधच राहायचं असेल तर त्याच्या बाजूनंही.

परत आले तर घरभर केकचा वास, आणि त्याच्या मागून दुसरा, न सांगण्यासारखा. लेक सुट्टीला घरी आली होती, तिनं ओव्हन 180 वर लावला होता. आत न बघता. दह्याचं पनीर झालं होतं आणि झाकणाचं काही तरी आधुनिक शिल्प. तेव्हापासून ओव्हनच्या दारावर चिठ्ठी आहे: "आत दही आहे. दिव्याला हात लावू नये." नवऱ्यानं खाली लिहिलंय, "हुकुमावरून."

नवं दूध, नवं विरजण. त्या रात्री वारा पडला. सकाळी भांडं काढलं, कलतं करून पाहिलं, ढिम्म हललं नाही. फोटो काढला. मग तळ्यावर गेले. पहाटे वर बर्फ भुरभुरला होता, काठाकाठानं सगळं पांढरं होतं आणि लांब मध्यावर एक काळपट पट्टा. तोही फोटो काढला आणि दोन्ही आईला पाठवले. साताऱ्यात संध्याकाळ झाली होती. तिनं चष्मा न लावता बघितलं असावं, कारण दुसऱ्या फोटोखाली लगेच तिचा आवाज आला, "कडेनं लागलंय, मध्ये पातळच आहे अजून. हलवू नकोस, एक रात्र राहू दे."

मी कालनिर्णयवर तळ्यासाठी केलेली खूण खोडली आणि दुसऱ्या दिवशीच्या चौकोनात केली.